गोट्यावर नाव

आता मला कोणी म्हटलं, "एक चित्र काढून द्या, अन् खाली उजव्या कोपऱ्यात थोडी जागा सोडा," तर मी हातातला माउस बाजूला ठेवते आणि आधी विचारते, जागा कशाला पाहिजे? समोरचा हसतो. त्याला वाटतं बाई खडूस आहे. वाटू द्या. खडूस व्हायला मला एक कोपरा पुरला.

मी सॉफ्टवेअरच्या पडद्यांचं डिझाइन करते. पांढुर्ण्यात हे कोणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, लग्नपत्रिका करून देता का? स्टेशनच्या रस्त्यावर एका कापडदुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. मालक नागपूरचे. जिनिंगवाले आणि संत्र्याचे व्यापारी आमचं सॉफ्टवेअर वापरायचे. कापसाची गाडी आली, तोल झाला, पावती निघाली, असला सगळा कारभार त्यात. इथलं ऑफिस माझा मामेभाऊ सांभाळायचा. नोकरीला मला त्यानंच लावलं होतं. मी त्याला दादा म्हणते. ऑफिसातही दादाच म्हणायची, सर म्हणायला जीभ वळायची नाही.

हंगाम सुरू झाला की आमचं सॉफ्टवेअर बसकण मारायचं. जिनिंगच्या फाटकावर गाड्यांची रांग, आत मुनीम बटण दाबून बसलेला, आणि पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र. मग फोन यायचा, "काय बाप्पा, झोपलं का तुमचं मशीन?" त्याचं असं असतं की सगळ्या पावत्या डेटाबेसमध्ये ठेवलेल्या असतात आणि सॉफ्टवेअर त्याला सारखे प्रश्न विचारत असतं. त्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. एखाद्या क्वेरीचं उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं, एखादीचं येईपर्यंत चहा पिऊन होतो. कुठं अडलं ते डेटाबेस सांगतो, नाही असं नाही. पण त्याच्या भाषेत. ओळीखाली ओळ, ओळीच्या पोटात ओळ, आणि आकड्यांची नुसती खिचडी. आमचे प्रोग्रामर ते वाचायचा कंटाळा करायचे आणि अंदाजानं औषध द्यायचे. कधी लागू पडायचं, कधी दुखणं वाढायचं.

दादा एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "तू याचं चित्र काढ. असं काढ का नुसतं पाहूनच कळलं पाहिजे, कुठं अटकून राहिलं ते."

मला डेटाबेसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मला ते शिकवलं ताईंनी. ताई आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामर. सौंसरहून रोज बसनं यायच्या, डब्यात माझ्यासाठी वेगळी चटणी आणायच्या, आणि मी मूर्खासारखा प्रश्न विचारला की चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "हे पाय, बाई, पुन्हा सांगतो." त्या तिकडच्या बायकांसारख्या 'सांगतो' म्हणायच्या. तेच पुन्हा सांगायचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. माझ्या सख्ख्या आईला येतो.

पहिलं चित्र मी झाडासारखं काढलं. फांदीला फांदी, त्याला बाण. दिसायला देखणं, कामाला शून्य. ताई म्हणाल्या, "छान हाये. पूजेत ठेवाले." दुसऱ्यात मी जिथं वेळ लागतो तिथं लाल रंग भरला, तर सगळं चित्रच लाल झालं आणि लोक घाबरले. शिवाय आमच्या एका प्रोग्रामरला लाल आणि हिरवा सारखाच दिसतो हे तेव्हा कळलं. मग रंगाचा भरवसा सोडला.

जमलं ते बाबांमुळे. बाबांचं आयुष्य संत्र्याच्या सौद्यात गेलं. आमच्याकडे फळ झाडावर असतानाच अख्खा बगीचा विकला जातो. घेणारा नुसता झाडांमधून चालत जातो, मान वर करून, आणि शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात माल किती निघणार ते ठरलेलं असतं. त्या अंदाजावर तो गाड्या सांगतो, मजूर सांगतो. अंदाज चुकला की फजिती. माल ट्रकभर आणि दारात उभा छोटा हत्ती टेम्पो. ताई मला शिकवत होत्या की डेटाबेसही काम सुरू करायच्या आधी असाच अंदाज करतो, या पायरीवर किती ओळी निघतील, त्या पायरीवर किती. त्यावरून तो रस्ता निवडतो. मी एकदम म्हटलं, "ताई, म्हणजे हा आमच्या बाबांसारखा बगीच्यात फिरून राहिला!" ताई इतक्या हसल्या की खालचा कापडवाला जिन्यात येऊन पाहून गेला.

मग मी प्रत्येक पायरीवर दोन ढीग काढले. एक फिकट, डेटाबेसच्या अंदाजाचा. एक गडद, खरंच निघालेल्या मालाचा. दोन्ही सारखे तर सगळं ठीक. फिकट ढीग मूठभर आणि गडद ढीग पडद्याबाहेर चालला, म्हणजे दुखणं तिथंच. हे चित्र पाहून कोणालाही कळलं असतं. बाबांना दाखवलं तर त्यांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा माणूस गेल्या सालचा बगीचा पाहून आला."

चित्र जमलं, पण त्यात घालायला क्वेऱ्या पाहिजेत. खऱ्या, खराब, रडवणाऱ्या. आणि त्या कोणी द्यायला तयार नाही. प्रत्येक जण म्हणे माझ्या चांगल्याच आहेत. आपलं लिहिलेलं खराब निघालं तर वर्षाच्या पगारवाढीत दिसेल, ही भीती. मी दादाकडे गेले. म्हटलं, "दादा, लोक तेव्हाच देतील, जेव्हा नाव येणार नाही. चित्रात क्वेरी दिसली पाहिजे, माणूस नाही. ज्यानं लिहिलं त्याचं नाव आलं, तर ज्यानं लिहायला लावलं त्याचं काय?"

"बरोबर बोलून राहिली," दादा म्हणाला. "गोट्यावर नाव थोडी असते."

हे आमच्या घरातलं बोलणं. माझी आई सावरगावची आणि सासर पांढुर्ण्याचं, मधे जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, दोन्ही गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे मारतात; बाबा, काका या काठावर आणि मामा त्या काठावर. मी लहान असताना एका वर्षी मामांचं कपाळ फुटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी, दरवर्षीसारखे, मामा आमच्याकडे जेवायला आले, डोक्याला पट्टी बांधून. सोबत दादा. बाबा त्यांच्या पानात आग्रह करकरून वाढत होते. मी विचारलं, "मामा, कोणाचा गोटा लागला?" आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "विचारायचं नसते!" आणि मामा हसून म्हणाले, "गोट्यावर नाव थोडी असते, बाई." दादा माझ्या शेजारीच बसून पुरणाची पोळी खात होता. हा धडा आम्ही दोघांनी एकाच पंगतीत घेतला होता. म्हणून दादानं ते वाक्य उच्चारलं तेव्हा मला शपथेपेक्षा पक्कं वाटलं. लिहून काय मागायचं? घरच्या माणसाकडून कोणी लिहून घेतं का?

मी ऑफिसात सगळ्यांना गोटमारीच्या दुसऱ्या दिवसाची ही रीत सांगितली. इथं कोणाचं नाव येणार नाही, कोणी विचारणार नाही. तरी सगळे आपापल्या पडद्यात डोकं घालून बसले. पहिल्यांदा उठल्या त्या ताई.

"घे, ही माही," त्या म्हणाल्या. "सगळ्यात घाण हाये. हिच्यापासून सुरू कर."

ती क्वेरी मला माहीत होती. दसऱ्याच्या तोंडावर एका जिनिंगवाल्यानं हट्ट धरला होता, मला सगळ्या शेतकऱ्यांचा सगळ्या सालांचा माल एका पानावर पाहिजे, आजच्या आज. ताईंनी दादाला माझ्यासमोर सांगितलं होतं की असं केलं तर प्रत्येक वेळी सगळ्या पावत्या पहिलीपासून शेवटपर्यंत चाळाव्या लागतील, फार हळू चालेल. दादा म्हणाला होता, "ताई, आज चालवून द्या. मागून पाहू." ते मागून कधी आलं नाही. आता चित्रात फिकट ढीग चिमूटभर आला आणि गडद ढीग पडद्याच्या काठाला जाऊन टेकला. ताईंनी हाताचा कोपर टेबलावर टेकवून नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "असं हाये होय." त्याच आठवड्यात त्यांनी ती बसून दुरुस्त केली. नंतरचं चित्र काढलं तर दोन्ही ढीग जुळे भाऊ. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो खरा आनंद होता, अजून नाकारता येत नाही. ताईंचं पाहून बाकीच्यांनीही आपापल्या क्वेऱ्या आणून दिल्या.

मधेच कधीतरी दादा म्हणाला, "खाली उजव्या कोपऱ्यात एक पट्टी रिकामी सोड. जिनिंगचं नाव टाकू तिथं, त्यांना बरं वाटते." मी सोडली. चांगली मापात सोडली, अक्षर ठळक दिसेल अशी.

उन्हाळ्यात एक दिवस सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. नागपूरचे मालक पडद्यावर, दादा उभा. मला वाटलं माझ्या चित्राचं कौतुक आहे. मी साडी नेसून गेले होते, सांगायलाही लाज वाटते. भिंतीवर पहिलं चित्र आलं. तोच चिमूटभर फिकट ढीग, तोच काठाला टेकलेला गडद ढीग. दुरुस्तीच्या आधीचं चित्र. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, मी मापात सोडलेल्या पट्टीत, ताईंचं नाव. आडनावासकट.

नंतर दुसऱ्यांची चित्रं आली, दुसऱ्यांची नावं आली. कोणाचाच ढीग इतका मोठा नव्हता. सगळ्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ताईंनी फक्त एकदा पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला आणि खोलीतून उठेपर्यंत त्या तो पुसतच होत्या.

मी उभी राहून म्हटलं, "हे आधीचं आहे. ही क्वेरी ताईंनी केव्हाच दुरुस्त केली." दादा म्हणाला, "हो हो, ते मागून पाहू." पुन्हा तेच, मागून पाहू. आणि पुढचं चित्र लावलं.

पावसाळा लागायच्या आत ताईंना सांगण्यात आलं की पुढच्या महिन्यापासून यायची गरज नाही. मला ते ऑफिसातल्या दुसऱ्याकडून कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली. दादाच्या खोलीत शिरले आणि दार लोटलं.

"तू नावं टाकली?"

"ओरडू नको. नागपूरवाल्यांनी एक माणूस कमी कराले सांगितलं. मी कोणाकडे बोट दाखवू? मी नाही दाखवलं, चित्रानं दाखवलं."

"ती क्वेरी तू लिहायला लावली होती! माझ्यासमोर!"

"लावली असंल. पण कोडमधी शेवटचा हात कोणाचा हाये? त्यांचाच नं. नाव तिथूनच उचलते सॉफ्टवेअर." मग तो आवाज खाली करून म्हणाला, "आधी तुहं नाव निघालं होतं, माहीत हाये? म्हणे डिझायनर कशाले पाहिजे. मी म्हटलं, नाही, ते घरची हाये."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. माझीच नोकरी वाचवायला माझंच चित्र वापरलं, आणि ज्या बाईनं मला ते चित्र काढायला शिकवलं तिला त्यात अडकवलं. वर मी उपकार मानायचे! मी त्याला म्हटलं, "निदान ताईंना एवढं सांग, की मला हे माहीत नव्हतं. कोपरा तू मागितला होता. एवढंच सांग." तो म्हणाला, "सांगतो नं, त्यात काय." आणि मी पुन्हा विश्वास ठेवला. काय करता? तीस-पस्तीस वर्षांची सवय एका दिवसात जात नाही.

ताईंना मी फोन केले. उचलायच्या, पण "बाई, आता गर्दीत हावो, मागून बोलतो," म्हणून ठेवायच्या. मला वाटायचं, दादा बोलला की सगळं नीट होईल. मी वाट पाहून राहिले. ऑफिसात मी ती पट्टी काढून टाकली, दुसऱ्या दिवशी ती परत जागेवर. तेव्हा राजीनामा दिला. आईला वाटलं डोकं फिरलं.

यंदाचा पोळा झाला, गोटमार झाली. दुसऱ्या दिवशी मामा आणि दादा आमच्याकडे जेवायला आले. मामा आता म्हातारे झालेत, नदीवर जात नाहीत, पण दुसऱ्या दिवसाचं जेवण चुकवत नाहीत. उरलेल्या पुरणाच्या पोळ्या, दूध, कढी. मी वाढत होते. दादा मान खाली घालून खात होता, अगदी लहानपणी खायचा तसा. मी पोळीचं ताट हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"दादा, ताईंना सांगितलं का?"

"काय?"

"मला माहीत नव्हतं, हे."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "आजच्या दिवशी?" मामा म्हणाले, "बाई, आज विचारायचं नसते." मी म्हटलं, "मामा, या गोट्यावर नाव होतं. तुमच्या लेकानं छापलं." मामांना काही कळलं नाही, ते बाबांकडे पाहू लागले. दादानं हात धुतला आणि शांतपणे म्हणाला, "मी काहून सांगू? चित्र तं तुहंच होतं." म्हणजे इतके दिवस त्यानं तोंड उघडलंच नव्हतं. काखा वर करून मोकळा.

मी ताट तिथंच ठेवलं आणि सौंसरची बस पकडली. रस्ताभर बोलायचं ते जुळवत होते. कोपरा कोणी मागितला, काय म्हणून मागितला, क्वेरी कोणी लिहायला लावली. सगळं क्रमानं. ताईंनी नुसतं एकदा विचारलं पाहिजे, की काहून केलं असं? शिवी दिली तरी चालेल. बस खड्ड्यांमधून उड्या मारत होती आणि मी पोटाशी पर्स धरून ताईंचे प्रश्न आणि माझी उत्तरं दोन्ही एकटीच बोलत होते.

ताईंनी दार उघडलं. चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही. "ये, बस," म्हणाल्या. पाणी दिलं, पंखा लावला. आईची तब्येत विचारली, बाबांचे गुडघे विचारले. त्या आता घरीच मुलींना कॉम्प्युटर शिकवतात, ते सांगितलं. मग ताट वाढून आणलं. पोळ्याच्या पुरणाची पोळी त्यांच्याकडेही उरलेली होती, आणि कडेला ती चटणी.

"ताई, ते नाव..." मी सुरू केलं.

"राहू दे," ताई म्हणाल्या.

"नाही ताई, मला सांगायचं आहे. तुम्ही विचारा तरी."

"आज दुसरा दिवस हाये नं तुमच्याकडं?" ताई म्हणाल्या. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. "विचारायचं नसते म्हणे. तूच सांगितलं होतं सगळ्यांना."

"पण ताई..."

"जेव, बाई. थंडी होऊन राहिली पोळी."

मी हात ताटात घातला. ताई समोर बसून पोळीवर तूप सोडत होत्या, डब्यातली चटणी द्यायच्या त्याच मायेनं, आणि माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या वर्षी मामांचं कपाळ फुटलं तेव्हा गोटा काकांचा होता. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आईला, बाबांना, खुद्द मामांनाही. माहीत होतं म्हणूनच कोणी विचारत नव्हतं. ताईंनीही विचारलं नाही.